जिनिंगच्या आवारातला रेडिएटर

शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. धुळ्याबाहेरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात आमची गाडी टेम्पोतून उतरत होती. हवेचे तापमान सतरा अंश होते. गाडी उतरवायला हात कमी पडत असतानाही मी बाजूला उभी राहून तापमापकाचा मीटर तिसऱ्यांदा तपासत होते, आणि ते कुणाला आवडत नव्हते.

जळगावच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा एक फॉर्म्युला संघ आहे. एका माणसापुरती, उघड्या चाकांची छोटी शर्यतगाडी स्वतः बनवायची आणि देशभरातल्या महाविद्यालयांच्या स्पर्धेत उतरवायची, हे त्याचे काम. गाडी बनते, ती स्पर्धेआधी पळवायची कुठे, हे मात्र दरवर्षी ठरत नाही. महाविद्यालयाच्या रस्त्यावर दर पन्नास पावलांवर गतिरोधक आहेत आणि आमची गाडी जमिनीपासून चार बोटांवर. या वर्षी संघाच्या कप्तानाने आपल्या मामांना गळ घातली. मामांच्या जिनिंगचे आवार काँक्रीटचे, रुंद आणि सपाट. कापसाचे ढीग एका अंगाला सरकवून त्यांनी ते आम्हाला दुपारी एकपर्यंत दिले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, फाटक बंद. सोमवारपासून पुन्हा कापसाच्या गाड्यांची रांग. म्हणजे आमच्या हाती एकच सकाळ होती.

त्या सकाळी माझे काय पणाला लागले होते, ते आधी सांगते. संघात आम्ही चार मुली. त्यातली एक गाडी चालवते, कारण ती वजनाने सर्वांत हलकी आहे आणि तिला भीती म्हणून वाटत नाही. उरलेल्या तिघी खर्चाच्या अहवालावर. मीही दोन वर्षे तिथेच होते. 'तुझं अक्षर चांगलं आहे,' असे मला सांगण्यात आले होते. अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संगणकावर टंकलेला असतो, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होते. शेवटच्या वर्षी मी न विचारता इंजिन थंड ठेवण्याची नवी रचना तयार केली. जुना रेडिएटर गाडीच्या कुशीत उभा, उघडा आणि मोठा. माझा रेडिएटर लहान आणि तिरपा, त्याच्यापुढे फायबरचा एक हवामार्ग. तोंडाशी अरुंद, आत रुंद होत जाणारा. आम्ही त्याला डक्ट म्हणत होतो. वजन अडीच किलोने कमी, गाडीचे अंगही बारीक. कागदावर तो चालत होता. कप्तानाने अट घातली: धुळ्यात दोन्ही रचना पळवायच्या. माझी सरस ठरली तर स्पर्धेत इंजिनाचे तापमान माझ्या ताब्यात, मी गाडीजवळ. नाही तर सोमवारपासून पुन्हा अहवाल.

तापमानाशी माझे नाते जुने आहे. मी दीपनगरच्या वसाहतीत वाढले. वडील औष्णिक केंद्रात पाण्याच्या विभागात. आमच्या घरी जेवताना भाजीच्या मिठाआधी शीतकरण मनोऱ्यातून आलेल्या पाण्याचा विषय निघे. त्यामुळे उष्णता कुठून कुठे जाते, हा प्रश्न मला कधी पुस्तकी वाटला नाही.

त्याच आठवड्यात दूर वाळवंटातल्या एका ट्रॅकवर जगातल्या मोठ्या शर्यतसंघांनी नव्या नियमांच्या गाड्यांची हंगामपूर्व चाचणी घेतली होती. पहाटे पारोळ्यापर्यंत टेम्पोत तोच वाद चालला होता. कप्तान मोबाइलवरचा तक्ता वाचून दाखवत होता. कोण पहिला, कोण किती मागे.

"पहिला दिसतो तो खरंच पहिला काऊन म्हणायचा?" चालक मैत्रीण म्हणाली. ती असोद्याची, घरी केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर तिने बाराव्या वर्षी बांधावरून काढला होता. "टाकीत पेट्रोल कमी घातलं तर मीबी पहिली येईन बाप्पा."

"आकडा आकडा असतो," कप्तान म्हणाला.

"आकडा कोणत्या हवेत घेतला, इंधन किती होतं, टायर कोणते होते, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही," मी म्हणाले.

"बघा, मॅडम आत्तापासूनच कारणं जमवतायत."

सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागले.

पहिली फेरी जुन्या रेडिएटरची. शंकू मांडून आम्ही आवारातच एक वेडावाकडा मार्ग आखला होता. बारा चकरा, प्रत्येक वेळी तेवढेच इंधन, तोच वेग. गाडी थांबताच मी वाकून मीटर वाचला: इंजिनाचे पाणी चौऱ्याण्णव अंश. हवा तेव्हा अठरा. कप्तानाने समाधानाने मान डोलावली आणि चहा मागवला. इंजिन निवेपर्यंत आणि माझी रचना चढेपर्यंत साडेनऊ झाले. तोपर्यंत शेडमधली यंत्रे सुरू झाली होती. दात असलेले रूळ कापसातून सरकी वेगळी करतात, त्याचा एकसुरी घरघराट सबंध आवारात भरला. ऊन चढले. मला एका जागी उभे राहवेना. मी शंकू सरळ करत फिरले, जे आधीच सरळ होते.

दुसरी फेरी. बाराव्या चकरेनंतर मीटरने दाखवले: एकशे नऊ. एकशे दहाच्या वर गेले की आमचे इंजिन स्वतःहून बंद पडते.

"संपलं," कप्तान म्हणाला. त्याच्या स्वरात वाईटपणा नव्हता; म्हणूनच ते अधिक झोंबले. "पंधरा अंशांचा फरक आहे. आपण जुनाच नेऊ."

"हवा आता एकोणतीस आहे. सकाळी अठरा होती. दोन्हींतून हवेचं तापमान वजा कर. तुझे शहात्तर येतात, माझे ऐंशी. फरक पंधराचा नाही, चारचा आहे."

"इंजिनाला वजाबाकी कळत नाही."

"मग जुन्याचीही बेरीज कर. स्पर्धा भर उन्हाळ्यात, दुपारची शर्यत, चाळीस अंश धर. चाळीस आणि शहात्तर किती?"

त्याने क्षणभर ओठ हलवले. "एकशे सोळा."

"म्हणजे तुझा जुना रेडिएटर अर्ध्या शर्यतीत इंजिन बंद पाडेल. सकाळच्या गारव्यात तो छान दिसला, एवढंच."

माझे म्हणणे बरोबर होते आणि त्याने माझा काहीच फायदा होत नव्हता. कारण वजाबाकी करूनही मी चार अंशांनी मागेच होते. ते चार अंश आले कुठून? कागदावरच्या हिशेबात ते नव्हते. मी डक्टच्या तोंडाशी गुडघे टेकले, मोबाइलचा उजेड आत टाकला.

रेडिएटरचा चेहरा दिसतच नव्हता. त्यावर पांढुरका, मऊ, गोधडीसारखा थर बसला होता. रुई.

हिवाळाभर आमच्याकडे ती हवेत असते. रस्त्याकडेच्या बाभळींवर, तारांवर, एसटीच्या खिडक्यांत अडकलेली. लहानपणापासून इतकी पाहिलेली की ती दिसायचीच बंद होते. आम्ही अकरा जण त्या आवारात पहाटेपासून वावरत होतो. सगळ्यांच्या केसांत ती होती. खान्देशाबाहेरच्या कुठल्याही संघाने गाडी उतरवण्याआधी नाक मुरडले असते. आम्ही मात्र झाडूसुद्धा मागितला नाही.

मी थर बोटांनी सोलून कप्तानापुढे धरला. त्याने तो पाहिला, चुरगाळला.

"सकाळी यंत्रं बंद होती, तेव्हा रुई खाली बसलेली होती," मी म्हणाले. "शिवाय माझ्या डक्टचं तोंड जमिनीलगत आहे. तो ती जास्त ओढतो."

"मग ती तुझ्या रचनेचीच चूक झाली ना?"

तोंड खाली ठेवण्याचा निर्णय माझा होता. स्पर्धेच्या ट्रॅकवर रुई नसेल. पण धूळ, टायरचे कण, वाळलेले गवत असेलच. "अर्धी माझी," मी म्हणाले. "मला आणखी एक फेरी दे. तोंडावर जाळी लावते."

"हरलेला प्रत्येक जण आणखी एक फेरी मागतो. पेट्रोल एकाच फेरीचं उरलंय."

"तेवढंच मागतेय."

त्याने घड्याळ पाहिले, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. "किती आला तर पास? आधी सांग. नंतर तू वजाबाकी करत बसशील."

हे मात्र त्याचे योग्य होते. मी हिशेब केला. चाळीस अंशांच्या दुपारी एकशे दहा ओलांडायचे नसेल तर हवेपेक्षा सत्तर अंशांहून अधिक चढता कामा नये. फेरी सुरू होईपर्यंत हवा बत्तीसवर जाणार. "एकशे दोन," मी म्हणाले. "एकशे दोन किंवा त्याखाली."

"ठरलं. वर गेला तर जुना रेडिएटर, त्याला दुसरा पंखा लावू आणि वजन सोसू. आणि तू अहवालावर."

जाळी आणायची कुठून? मी कार्यालयाकडे धावले. मामा खुर्चीत बसून फोनवर कापसाचा भाव ऐकत होते. त्यांच्या मागच्या खिडकीला डासांची नायलॉनची जाळी होती.

"मामा, ही जाळी काढून नेऊ?"

त्यांनी फोन छातीशी धरला. "कशाले जोयजे?"

"गाडीच्या तोंडाला. रुई आत जाते."

"अन् मना तोंडले काय लावू? रातले मच्छर रगत पितीन मनं." मग दारात आलेल्या भाच्याकडे पाहून, "तू त म्हने इंजिनेर व्हयी राह्यना. खिडकी चोरासनी टोळी लई उना का रे?"

"मामा, सोमवारी नवी आणून देतो."

"लई जा, बठ्ठी लई जा. पन यंत्रं मी बंद करावं नही, आधीच सांगस. माल लागेल शे." जाळी मिळाली; यंत्रे मात्र चालूच राहणार होती.

जाळी सपाट ताणून लावली असती तर तिने हवाही अडवली असती. म्हणून मी तारेचा सांगाडा वाकवून ती टोपलीसारखी पुढे फुगवली; म्हणजे हवा शिरायला जागा वाढेल आणि रुई बसली तरी सगळी छिद्रे एकदम बंद होणार नाहीत. तार दोनदा तुटली. मैत्रीण हेल्मेट घालून गाडीत बसूनच होती.

"काय व, गाडीले मुसकी घालतेस का बैलासारखी?"

"तू फक्त वेग तोच ठेव. एका चकरेतही जास्त पळवू नकोस."

"माहिती आहे व माय. तू तुझं तोंड आधी नीट कर, मले भीती वाटते तुझ्याकडे पाहून."

इंजिन निवल्यावर, बारा वाजून दहा मिनिटांनी, तिसरी फेरी सुरू झाली. या वेळी मला हालताही येईना. दर चकरेला गाडी शेडच्या दाराशी येई तेव्हा रुईचा एक लोट उठे आणि जाळीच्या टोपलीवर पांढरी कड जमताना मला लांबूनही दिसे. ती पूर्ण बुजत नव्हती. नऊ, दहा, अकरा. बाराव्या चकरेनंतर मैत्रिणीने गाडी शंकूंच्या मध्ये अचूक उभी केली. मी वाकले, मीटर लावला, आकडा स्थिर होऊ दिला.

कप्तान माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने हळू आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही असे म्हटले, "मीटरचीच चूक एक अंशाची असते. एकशे दोन धर. गाडी तुझ्या डक्टवर जाऊ दे. मी काही बोलणार नाही."

तो मनापासून बोलत होता. जाळीची टोपली त्याला पटली होती, हे मला दिसत होते. मलाही ती पटली होती. तोंड थोडे वर उचलले, टोपली आणखी मोठी केली तर पुढच्या फेरीत आकडा उतरलाच असता. पण पुढची फेरी नव्हती, आणि मीटर जेवढा वर चुकतो तेवढाच खालीही चुकतो. एकशे दोन हा आकडा मी स्वतः, फेरीआधी, मोठ्याने सांगितला होता.

"काय व, सांग ना पटकन!" मैत्रीण गाडीतून ओरडली.

मी कप्तानाकडे पाहिले नाही. मोबाइलवरच्या तक्त्यात हवेच्या रकान्यात बत्तीस लिहिले, आणि त्याच्या शेजारी, सगळ्यांना ऐकू जाईल असे उच्चारत, १०२.६.