बुढीच्या नावाचा रकाना

हाफिसातल्या बाबूनं आमचा फोटो खिडकीतून भिरकावला. माह्या छातीवर आपटून खाली पडला. माही बुढी अन् मी, जवळजवळ बसलेले. सीताबर्डीवर जाऊन मुद्दाम काढलेला. पेन्शनच्या कागदाले नवरा-बायकोचा असा फोटो लागते.

"बुढ्या, तवा लय मस्ती होती. नोकरीले लाथ मारून गेला. आता बायकोचं नाव चढवाले आला? तू मेला का मंग पाठव तिले."

मागची लाईन हासली.

तवाची गोष्ट सांगतो. मी याच हाफिसात शिपाई होतो. एका साहेबानं पाय पुढं केला. "पूस" म्हणे. बुटाले चिखल होता. मी पुसला नाही. बूट पायातून ओढला अन् त्याच्या टेबलाच्या काचेवर हाणला. काच फुटली, त्याच्या हातातून रक्त आलं. मले आजही पस्तावा नाही. दुसऱ्या दिवशी मोठे बाबू म्हणे, "सोताहून रिटायरमेंट लिहून दे, नाही तर काढून टाकतीन." वीस वर्षं भरले होते. दिला अर्ज. पेन्शन बसली, कमीच बसली.

फॉर्मात बायकोचा रकाना होता. मी मेल्यावर तिले पेन्शन भेटाची, त्याचा. "त्याच साहेबासमोर आण तिले, सही कराले," मोठे बाबू म्हणे. मी म्हटलं, माही बायको त्या माणसाच्या दारात उभी राहणार नाही. रकाना कोराच सोडला. ते चूक माहीच. माह्या अकडीपायी माह्यामागं ती उपाशी राहीन, हे तवा डोक्यात आलं नाही.

तर फोटो खाली पडला. बुढी उचलाले वाकली. तिची कंबर वाकत नाही. तरी वाकली.

"उचलू नको वं!"

खिडकीत हात घालून मी बाबूची कॉलर धरली. थोबाड गजावर आपटलं. "उचल. तूच उचल." चौकीदारानं पाठीत दंडा घातला. सोडलं नाही. दुसरा घातला. सोडलं नाही.

"उचलतो, सोड," बाबू म्हणे. नाकातून रक्त. भाईर आला, वाकला, फोटो बुढीच्या हातात दिला. अर्ज मात्र घेतला नाही. पोलिसात देतो म्हणे.

रस्त्यात बुढी म्हणे, "काहून मारलं जी? आता तर नाव चढतच नाही."

चढते. दर सोमवारी मी त्या खिडकीवर उभा राहीन. तोच फोटो घेऊन. पोलीस येऊ दे, दंडा येऊ दे. बाबू माह्या मरणाची वाट पाहून राहिला. पाहू दे. त्या रकान्यात तिचं नाव लिहिल्याशिवाय मी मरत नाही.