घरी नाहीत म्हणून सांग

लहानपणी नागपूरच्या घरी दारात जाऊन “बाबा घरी नाहीत” असं सांगायचं काम माझ्याकडे होतं. समोरचे गप्पिष्ट काका आले की बाबा आतूनच हात हलवायचे आणि मी सांगून मोकळी व्हायचे. काकांना सगळं ठाऊक असायचं. बाबांच्या चपला दारातच पडलेल्या दिसत, तरी “बरं, मग संध्याकाळी येतो” म्हणून ते जायचे. याला आमच्याकडे कुणी खोटं बोलणं म्हणत नसे.

२००४ साली नॉर्थ कॅरोलायनात एका सकाळी आमच्या दारावर टकटक झाली. जिन्यात उभ्या असलेल्या नवऱ्याने खिडकीतून गणवेश पाहिला, माझ्याकडे बघून तस्साच हात हलवला आणि वर निघून गेला. पोलीस सभ्य होता. टोपी काढून त्याने नवऱ्याची चौकशी केली. वेगात गाडी चालवल्याचं तिकीट, कामाच्या गडबडीत चुकलेली कोर्टाची तारीख आणि त्यावर निघालेलं वॉरंट, यातलं काहीही तोवर मला माहीत नव्हतं. मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की ते आत्ता घरी नाहीत, संध्याकाळी येतील, काही निरोप द्यायचा आहे का? “तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे, मॅम,” तो म्हणाला. मी चक्क खूश झाले. इथे आल्यापासून दोन वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात वरून, ऑफिसच्या कॉलवर बसलेल्या नवऱ्याचा खणखणीत आवाज आला, “हाय एव्हरीवन, कॅन यू हिअर मी?”

खाली आम्हा दोघांना अगदी नीट ऐकू येत होतं.

नवऱ्याचं तिकीट आणि वॉरंट वकिलाने एका खेपेत मिटवलं. माझ्या हातात मात्र कागद आला: पोलिसाच्या कामात अडथळा आणला. ऑब्स्ट्रक्शन.

मी कॉलेजात सहा वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. इथे माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेला, नोकरीची परवानगी नाही. ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकली की पुन्हा वर्गात उभं राहता येईल, एवढ्या एका आशेवर मी दिवस ढकलत होते. आणि आता त्या फाइलवर हा डाग पडणार होता. जीव टांगणीला लागला. केस संपेपर्यंत भारतात जाऊ नका, असंही बजावलं गेलं. म्हणजे इथे काही करता येत नाही आणि इथून हलताही येत नाही.

काउंटीच्या कोर्टात मी सात महिन्यांत चार तारखांना गेले. दर वेळी लाकडी बाकावर बसून नाव पुकारायची वाट बघायची आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. माझ्यासारखी कितीतरी माणसं तिथे होती. एकाने पोलिसाला भावाचं नाव सांगितलं होतं, एक बाई लेकाला धरू नये म्हणून दार अडवून उभी राहिली होती. खरा निकाल बाहेरच्या व्हरांड्यातच लागायचा. वकील आणि सरकारी वकील दोन मिनिटं कुजबुजायचे. गुन्हा कबूल म्हणून सही करा, समाजसेवेचे काही तास भरा, केस पुसली जाईल. नेमकं काय घडलं, हे कुणी विचारायचं नाही. मला फार राग यायचा. मला विचारा की, असं ओरडावंसं वाटायचं.

मलाही तोच कागद पुढे केला गेला. पण इमिग्रेशनच्या वकिलाने निक्षून सांगितलं, सही करू नका, इथे पुसलेली कबुली तिथे पुसली जात नाही. खटला लढवावा तर शपथेवर नवऱ्याचा हलता हात सांगावा लागणार. मग आमच्या वकिलाने तिसरी वाट काढली. बाईंना इंग्रजी येत नाही, पोलिसाचा प्रश्नच कळला नाही, असं म्हटलं तर सरकारी वकील केस सोडून देईल.

“अगं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे यार,” नवरा म्हणाला. “तू नुसती मान हलव. इंटरप्रिटर बोलेल. केस डिसमिस, फाइल क्लिअर.”

“आणि तू हात हलवलास, त्याचं काय?”

“ते आता कशाला काढतेस? पोलिसापासून लपलो म्हणून मला अरेस्ट केलं तर जॉब जाईल. जॉब गेला की दोघांचाही व्हिसा गेला.”

त्याचं बरोबर होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

शेवटच्या तारखेला कोर्टात मराठीची दुभाषी मिळाली नाही, हिंदीची मिळाली. सरकारी वकिलाचं वाक्य मला आधीच कळायचं, मग तिच्या हिंदीची वाट बघत मी बावळट चेहरा करून बसायचे. एक वाक्य तिने सपशेल चुकीचं सांगितलं. सहा वर्षं पेपर तपासलेला माझा हात शिवशिवला. तो मी मांडीखाली दाबून धरला. जजने विचारलं, यांना सगळं समजलं ना? तिने मला विचारलं. “जी,” मी म्हणाले. चार मिनिटांत केस संपली.

बाहेर व्हरांड्यात तो पोलीस उभा होता. साक्षीला म्हणून त्यालाही बोलावलं होतं. त्याने टोपी काढली, थोडा वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाला, “यू... हॅव... अ... गुड... डे... मॅम.”

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. माझं इंग्रजी त्याला पक्कं आठवत होतं. समोरच्या काकांसारखंच, दारातल्या चपला बघूनही त्याने आज “संध्याकाळी येतो” म्हटलं होतं.

मला त्याचे आभार मानायचे होते, नीट, पूर्ण वाक्यात. तोंडही उघडलं होतं मी. नवऱ्याने माझं कोपर दाबलं. मी हात जोडले आणि मुकाट्याने पार्किंगकडे निघाले.