एक्केचाळिसावी जागा
माझ्या जुन्या प्रयोगवहीच्या एका पानावर हळदीचं बोट उमटलंय. तेव्हा मी पुण्यात संशोधन करायचे. माणसाच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या एका प्रथिनाची माळ टोकापासून सोडवत जायची आणि कोणामागून कोणतं अमिनो आम्ल येतं ते ओळखायचं, हे माझं काम. चाळीस ओळखली, एक्केचाळिसावं काही केल्या वाचता येईना. अहवालाची घाई होती, म्हणून त्या जागी अंदाजानं एक नाव पेन्सिलीनं लिहून मी वही बरोबर घेऊन दिवाळीला गावी, वालूरला आले. शाईनं गिरवायचं तेवढं बाकी होतं. दुसऱ्याच सकाळी पाणी शेंदताना आईची पोत तुटली. काळे मणी आम्ही वेचले, पण मधला सोन्याचा विहिरीत गेला. गळा मोकळा ठेवायचा नाही, म्हणून ती लगेच ओवायला बसली. मी माझ्या माळेतला पितळी मणी पुढं केला. म्हटलं, "कुणाला कळणाराय, आई?" "मला कळतंय की," ती म्हणाली. "खोटा घातल्यावर खऱ्याची वाट कोण बघणार, माय? हळकुंड बांध. बघणाऱ्याला दिसू दे, हितं मणी यायचा हाय." मी हळकुंड बांधलं, पोत तिच्या गळ्यात घातली आणि तशाच पिवळ्या बोटांनी वहीतलं ते नाव खोडलं. आईचा मणी पुढच्या वर्षी, कापूस मानवतच्या बाजारात गेल्यावर झाला. माझं एक्केचाळिसावं त्याच्याही नंतर सापडलं, आणि ते मी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव नव्हतंच. आता एखाद्या विद्यार्थिनीच्या वहीत मोकळी सोडलेली जागा दिसली, की मला आईच्या गळ्यातलं हळकुंड आठवतं आणि मी रागवत नाही.