गुळाचा खडा

माझ्या धाकट्या बहिणीला ती तीन वर्षांची झाल्यानंतर मी कधी रडताना पाहिलेलं नाही. लोक तिला दगड म्हणतात. तिच्या पाठवणीला सगळा मांडव डोळे पुसत होता आणि ही गाडीत बसून आपल्या बांगड्या सारख्या करत होती. मी मात्र तिला कधी दगड म्हटलं नाही.

आमचं गाव भाट्याच्या खाडीच्या या अंगाला, पलीकडे रत्नागिरी. बाबा मासेमारीच्या होडीवर जायचे. आई धाकटीच्या बाळंतपणातच गेली, म्हणून आम्हाला सांभाळायला विधवा आते घरी आली होती. आमच्या वस्तीत होडी पाण्यात लोटताना किनाऱ्यावर कुणी रडायचं नसे. रडलं की होडीला बाधतं म्हणत. बायका डोळे कोरडे ठेवून उभ्या राहत, आणि बारकी पोरं भोकाड पसरतील म्हणून त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबत. आते धाकटीसाठी पदराच्या गाठीला खडा बांधूनच निघायची.

एका सकाळी ती गूळ विसरली. बाबांच्या पाठीकडे हात करत धाकटी वाळूत लोळून रडली. बाबा हसत होडीत चढले. दुपारी वारा फिरला आणि ती होडी काही परत आली नाही.

आते भिंतीला टेकून बसली होती. धाकटी तिच्या मांडीवर चढायला गेली, तर आतेनं तिला हातानं लांब सारलं. "तू रडलीस म्हणून गेला तो," ती म्हणाली. एकदाच म्हणाली. पुन्हा कधी तो शब्द काढला नाही, पण पुन्हा कधी तिला मांडीवरही घेतलं नाही. जेवू घालायची, न्हाऊ घालायची, वेणी घालायची, सगळं तिच्या तोंडाकडे न बघता. आतेला तो विसरलेला गूळ डाचत असणार, हे आज कळतं. तेव्हा मला तिचा फक्त राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू.

धाकटी गप्प होत गेली. पडली तर उठून गुडघ्याची माती झटकायची. आमची मांजर मेली तेव्हा मी हुंदके देऊन रडले, आणि ही तिची शेपटी उचलून सोडून देत बसली होती. मग एकदा तिनं शिंगाळ्याचा काटा शेजारच्या पोराच्या वाटेवर वाळूत उभा पुरला. त्या माशाचा काटा लागला तर मोठे बापयेही विव्हळतात. पोर किंचाळत खाली बसलं. समोर त्याच्या बापाची होडी लोटत होते. ही त्याच्याजवळ उकिडवी बसून त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली.

मी तिला घरामागे ओढत नेलं आणि दोन फटके दिले. "का गो असं केलंस?"

"तो रडतो का बघायचं होतं," ती म्हणाली. "त्याचा बापूस दर्यावर चाललाय ना."

संध्याकाळी ती एकटीच किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. मीही मागे गेले. शेजाऱ्याची होडी लागली. तो उतरला, लंगडणाऱ्या पोराला खांद्यावर घेऊन घराकडे गेला. धाकटीनं ते सगळं पाहिलं.

"त्याचा आला," ती मला म्हणाली. आणि घरी येऊन जेवली.

काही वर्षांनी आते तापानं झिजत गेली. तिला खाडीपलीकडच्या सरकारी इस्पितळात न्यायचं ठरलं. खाडी ओलांडायची म्हणजे तरीची होडी, ती काही दर्यावर जायची नव्हती, त्यामुळे किनाऱ्यावर जमलेल्या बाया मोकळेपणी रडत होत्या. होडीत आडव्या पडलेल्या आतेनं धाकटीला हाक मारली.

"ये गो बाय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघत होती. "माझ्यासाठी रड गो एकदा. मी सांगत्ये ना, रड."

धाकटी पाण्याच्या काठाशी उभी राहिली. तिचा एक गाल फुगलेला होता. तोंडात गूळ होता.

"बघा पोर," एक बाई म्हणाली, "आते मरायला टेकलीय नि हिला गोड सुचतंय." लाजेनं माझी मान खाली गेली. होडी सुटली तरी धाकटी जागची हलली नाही.

आतेला त्याच होडीतून परत आणलं, चादरीत गुंडाळून. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडत होते तेव्हा धाकटीनं माझा परकर ओढला. तिचे डोळे कोरडे होते.

"ताई, मी रडले नव्हते ना?" तिनं विचारलं. "गूळ धरला होता तोंडात. होडी पार जाईपर्यंत धरला होता."

मी तिला छातीशी घट्ट धरलं. तिनं मला धरलं नाही. हात खाली सोडून ती तशीच उभी राहिली, माझं रडणं आटपेपर्यंत.