आधी नटात, मग चकवर

मायक्रॉनरावांनी आयुष्यात कधी चूक केली नव्हती. सगळी नोकरी विमा कचेरीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर ही चांगली सवय त्यांनी घरी आणली. हे नाव मेव्हण्यानं ठेवलेलं. दाराला कडी लावतानाही ‘केसाएवढा फरक चालणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ती कडी आजतागायत लागत नाही, ते सोडा.

एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून त्यांनी धातू कातायचं जुनं छोटं लेथ आणलं. ते मागच्या खोलीत आलं आणि बायकोचं शिवणयंत्र बाहेर पॅसेजमध्ये गेलं. ती लोकांचे कपडे शिवून द्यायची. तिच्या यंत्राला गिऱ्हाइकं होती, ह्यांच्या यंत्राला फक्त तेल लागायचं.

मग एके दिवशी शिवणयंत्रातली एक बारीक पिन तुटली. दुरुस्तीवाला म्हणाला, हे मॉडेल जुनं आहे, पिन मिळणार नाही. ही वाईट बातमी ऐकून मायक्रॉनरावांना जो आनंद झाला, तो त्यांना नीट लपवताही आला नाही.

“पिन मी करतो,” ते म्हणाले.

“कधी?”

“अगं, पिन ती काय.”

पिनीला दोन्ही टोकांना दोन वेगळ्या जाड्या होत्या. एक टोक कातून ती उलटी धरली, की वस्तू पकडणाऱ्या चकचे तीन जबडे तयार टोकावर दात उमटवायचे आणि पिन मध्य सोडून डगमगत फिरायची. तेव्हा कोलेट हव्यात, असं ठरलं. कोलेट म्हणजे चिरा पाडलेली पोलादी नळी. तिच्या खास चकचा नट आवळला, की ती आतली वस्तू चहूबाजूंनी सारखी धरते. त्यांनी चकसकट त्यातल्या त्यात स्वस्त सेट मागवला. जुन्या लेथच्या आट्यांवर तो बसेना, म्हणून मध्ये लागणारी बिडाची बॅकप्लेट स्वतः केली. खरं सांगायचं तर झकास केली. एवढ्या कामात त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

कोलेट चकमध्ये सरकवली, वरून नट फिरवला, पोलादाचा तुकडा धरला आणि डगमग मोजणारा डायल लावला. काटा नाचला. नट सोडला तर कोलेट आतच अडकलेली. लाकडी हातोडीनं ठोकून काढावी लागली.

“चक स्वस्तातला आहे,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बेअरिंग गेलंय. बेअरिंग उघडून पाहिलं, ते ठणठणीत. मग जमिनीचा उतार निघाला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण लेथखालची फरशी उकरण्यापर्यंत सहसा कुणी जात नाही.

इकडे एकेक गिऱ्हाईक दुसऱ्या शिलाईवालीकडे चाललं होतं. उरलेल्या कपड्यांचे काठ बायको चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून हातानं दुमडत होती. ते पाहून मायक्रॉनरावांना लाज वाटायची. अशा वेळी ते खोलीत जाऊन दार लोटून घेत.

“महिनाअखेरपर्यंत वाट बघते,” ती एकदा शांतपणे म्हणाली. “मग भंगारवाल्याला बोलावते. दोन्ही यंत्रं एकदमच नेईल.”

दोन्ही, हे त्यांनी नीट ऐकलं.

त्या संध्याकाळी ती चहा घेऊन खोलीत आली, तेव्हा ते कोलेट चकमध्ये कोंबत होते. ती क्षणभर बघत राहिली.

“आधी आत घालून मग वरून झाकण का लावताय? आमची बॉबिन आधी केसमध्ये बसते, मग केस मशीनमध्ये जाते. नुसती बॉबिन आत टाकली तर दोरा गुंतणारच.”

“शिवणयंत्र वेगळं, लेथ वेगळं,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

ती भाजी आणायला बाहेर पडल्यावर त्यांनी हळूच कोलेट उचलली. जरा तिरकी करून नटातच दाबली. टक्‌ आवाज झाला. मग दोन्ही मिळून चकवर चढवली. काटा जागचा हलेना. नट सोडला, तर त्याच्याबरोबर कोलेट आपोआप बाहेर आली. त्यांनी हातोडी कपाटामागे टाकून दिली.

पिन झाली, बसली, यंत्र धावू लागलं. “बेअरिंग आपोआप जागेवर बसलं,” असं त्यांनी बायकोला सांगितलं. तिनं पुढचं कापड सुईखाली सरकवलं.

रविवारी मेव्हणा आला. मायक्रॉनरावांनी त्याला लेथपुढे उभं केलं. बाहेर पॅसेजमध्ये शिवण चालू होती.

“कोलेट आधी नटात, मग नट चकवर. भलेभले इथंच चुकतात.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“अनुभव,” ते म्हणाले.

बाहेर यंत्र थांबलं. मेव्हण्याच्या ते ध्यानातही आलं नाही. मायक्रॉनराव मात्र कात्रीचा आवाज येतो का, खुर्ची सरकते का, याची वाट पाहत राहिले. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“तुझ्या ताईनं सांगितलं,” ते जरा मोठ्यानं म्हणाले. “मी उलटं करत होतो.”

मेव्हणा त्यांच्याकडे बघतच राहिला. बाहेर यंत्र पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेगात.