शिरवण्यातलं पांढरं पाणी

निघायच्या आदल्या संध्याकाळी आबा गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. आबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर साखर कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेलं, त्यामुळे यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. मी अंगणात येताच त्यांनी बॉनेट लावलं आणि मागच्या सीटवरच्या उशा पुन्हा एकदा सरळ केल्या. माझी लेक सायली नवी मुंबईत, उलव्याला राहते. पहिल्या बाळंतपणासाठी तिला फलटणला आणायला मी निघाले होते. "लेकरू आपल्याच गाडीतनं येऊ दे," एवढंच ते म्हणाले.

खंडाळ्याचा घाट उतरले आणि हवा अंगाला चिकटू लागली. उलव्यात शिरता शिरता डोक्यावरून विमान गेलं, इतकं खालून की त्याची चाकं स्पष्ट दिसली. आमच्याकडे विमान म्हणजे आभाळातली एक रेघ. मी गाडी बाजूला घेतली आणि खुशाल तोंड उघडं टाकून बघत राहिले. सायलीला हे सांगितलं, तर ती पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच धुवायचं पाणी भरायला बॉनेट उघडलं आणि माझं हसू पळालं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत, जिथे हिरवं पाणी असायला हवं, तिथे पांढरट दाट काहीतरी होतं. जवळच्या एका गॅरेजवाल्याने लांबूनच मान हलवली. इंजिनात तेल आणि पाणी शेजारी शेजारी वाहतात, मधलं गॅस्केट फाटलं की तेल पाण्यात उतरतं. आता इंजिन खोलावं लागेल, नाहीतर घाटात गाडी उकळेल, असं त्याने सांगून टाकलं. डॉक्टरांनी प्रवासाला हाच आठवडा दिला होता. सात महिन्यांची गरोदर सायली घाटात बंद पडलेल्या गाडीत बसलीय, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. खरं सांगते, मी घाबरले होते.

सायलीच्या शेजारणीने शिरवण्याच्या हिराभाऊ मेकॅनिकचं नाव सुचवलं. तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून हळूहळू तिथे पोचले. शिरवणं हे नवी मुंबई वसण्याआधीचं मूळ गाव. चिंचोळ्या गल्ल्या, देऊळ, आणि पलीकडे लगेच कारखान्यांच्या शेडा. हिराभाऊ आडव्या अंगाचे, गळ्यात जाड साखळी, आवाज खणखणीत. समोरच्या शेडच्या जागी त्यांच्या आजोबांची भातशेती होती, हे त्यांनी आधी सांगितलं. गाडीकडे नंतर वळले. मला इतका राग आला होता की काय सांगू!

पण बॉनेट उघडल्यावर हा माणूस एकदम कामात बुडाला. तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पुसली, पुन्हा घातली, उन्हात धरली. तेल स्वच्छ, फेसाचा मागमूस नाही. टाकी निवू दिली, मग तिच्या तोंडाला पंप लावून दाब दिला. पंपावरचा काटा चढला तिथून खाली आला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग इंजिन चालू करून टाकीवर निळ्या पाण्याची नळी बसवली. गॅस्केट फाटलेलं असेल तर इंजिनातला धूर टाकीत येतो आणि निळं पाणी पिवळं पडतं, असं त्यांनी समजावलं. देवापुढे उभं राहावं तशी मी त्या नळीपुढे उभी राहिले. निळं निळंच राहिलं.

शेवटी त्यांनी टाकीतलं थोडं पाणी एका पेल्यात काढलं, बोटावर घेऊन हुंगलं आणि तडक शेजारच्या लेथच्या दुकानात गेले. येताना दुसऱ्या पेल्यात तिथलं पांढरं पाणी घेऊन आले. दोन्ही पेले शेजारी ठेवले. रंग तोच, वासही तोच.

"ताई, इंजिनाचा तेल पान्यात गेला तं चहावानी होतो. हा तं दूध हाय," ते म्हणाले. "लेथवर लोखंड कापताना वततात, ता तेल हाय हा. तुमच्या घरात कोन लेथवर होता काय?"

बॉनेट उघडून उभे असलेले आबा, त्यांच्या कपाटातला कारखान्यातल्या तेलाचा जुना डबा, सगळं डोळ्यांपुढे आलं. एका थेंबाच्या वासावरून या माणसाने शिरवण्यात बसून फलटणचं माझं अंगण ओळखलं होतं.

"म्हाताऱ्याला बोलू नका," हिराभाऊ म्हणाले. "पयले आमी पन हाच टाकायचो, गंज नाय लागायचा. आताचे कूलंटशी त्याचा जमत नाय, बस."

धुऊन काढायला दुपार गेली. तोवर त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी आली. आमच्या ठेच्याला तोडीस तोड, हे नाइलाजाने मान्य करते. टाकीत पुन्हा हिरवं पाणी चमकलं, तेव्हा मी हिराभाऊंना मनापासून हात जोडले.

सायलीला घेऊन घाट चढले. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर, आणि ती उशांवर निवांत झोपलेली. आबांना काय काय सुनवायचं ते मी वाटभर ठरवत होते.

ते फाटकातच उभे होते. सायलीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग बॉनेटवर तळवा ठेवला. हळूच मला विचारलं, "पाणी दुधासारखं झालं असंल न्हवं?"

"झालं होतं."

"मग माझं तेल लागू पडलं," म्हणाले, आणि डोळे पुसले.

ठरवलेलं सगळं मी गिळलं. हिराभाऊंकडून आणलेला हिरव्या कूलंटचा डबा त्यांच्या हाती दिला. म्हटलं, आबा, आता या गाडीला फक्त हेच लागतं, दुसरं काही चालत नाही. रोज तुम्हीच बघायचं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, डबा छातीशी धरला.

"बाळाला दवाखान्यातनं आणायच्या आदल्या दिवशी सांग," ते म्हणाले, "म्हंजी मी बघून ठेवतो."