बंगल्यावर माणूस नव्हता

"महिनाभर इथं माणूसच नव्हता," शेठ पाहुण्यांना सांगत होते. "नशीब, चोरी झाली नाही."

मी तिथंच उभी होते. हातात भाकऱ्यांची टोपली. त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि मग ते हे बोलले. एक पाहुणी म्हणाली, "हल्ली चांगली माणसं मिळतच नाहीत." माझ्याकडं न बघता तिनं ताट पुढं केलं. मी तिलाही वाढलं.

तो महिना मी होते. एकटी.

आम्ही हिंगोलीकडचे. माझी शाळा सातवीत सुटली. आई मजुरीला जायची, धाकटी भावंडं माझ्या कडेवर आली. लग्नानंतर दोन वर्षांनी इकडं आलो, कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, या फार्महाऊसवर. ओळखीच्या एकानं निरोप दिला होता, "शेठला जोडपं पाहिजे." इकडं सगळ्यांना जोडपंच लागतं. एकटा गडी नको, एकटी बाई तर नकोच. जोडपं म्हणजे एक खोली, एक पगार, चार हात. नवऱ्याला म्हणतात केअरटेकर. मला म्हणतात केअरटेकरची बायको.

मला ते खुपत नव्हतं, खोटं कशाला बोलू. डोक्यावर स्लॅब होता. नळाला पाणी होतं. लेक तापानं फणफणली तेव्हा शेठच्या बायकोनं, मॅडमनी, स्वतःच्या गाडीतून खोपोलीला दवाखान्यात नेलं, सलाईन संपेपर्यंत बाकावर माझ्याशेजारी बसून राहिल्या. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून त्या एकदा मैत्रिणीला म्हणाल्या, "याला ठेवलं, ही सोबत फुकट आली," तेव्हा मीपण हसले.

मग गावाकडं सासरे अंथरुणाला खिळले. नवरा शेठला सांगून चार दिवसांसाठी गेला, चार दिवसांचा महिना झाला. मोटर लावणं, आंब्याच्या कलमांना पाणी, पोहण्याच्या तलावातला पाला जाळीनं काढणं, सगळं माझ्यावर. दोन वेळा पंधरा-पंधरा पाहुणे येऊन राहिले, त्यांचं रांधणं. मोटर जळली तर कर्जतहून मिस्त्री बोलावला आणि तो काम संपवून जाईपर्यंत समोरून हलले नाही. सारखी धास्ती. काही चुकलं तर खोली जाईल. नवऱ्याला फोनवर सांगायची, "लवकर या, मला जमत नाही." सगळं जमत होतं. तरी असंच सांगायची.

एक दिवस मीटर बघणारा फाटकाशी आला. "कोणी आहे का?"

मी कलमांतून ओरडले, "कोणी नाही. नंतर या."

शेजारच्या प्लॉटवर ताराकाकी गवत काढत होती. खालच्या गावातली, साठीची बाई. खुरपं खाली ठेवून हसायलाच लागली.

"कोनी नाय? मंग तू कोन गं? भूत हायस?"

"तसं नाही काकी. माणूस घरी नाही, म्हणून म्हटलं."

"आमी पन असंच म्हनायचो. जमीन बघायला मानसं आली तवा दीर शेतावर नव्हतं. मी लावनी करत चिखलात हुबी. मीच बोलली, कोनी नाय, उद्या या. दुसऱ्या दिवशी दिरानं सौदा केला. मला कोनी इचारलं पन नाय." तिनं खुरप्यानं आमच्या अंगणाकडं दाखवलं. "तुजा शेठ झोपाल्यावर बसतो ना, तितं माजं भात व्हायचं."

ती परत गवताला लागली. मी मीटरवाल्याला हाक मारली. तो पुढं गेला होता.

म्हणून त्या रविवारी शेठ पाहुण्यांसमोर बोलले तेव्हा वाटलं, हे तर माझेच शब्द. चिडायचं कुणावर तेच कळेना. नवरा दोन दिवसांपूर्वी परतला होता, पायरीशी हात बांधून उभा होता. शेठ त्याला म्हणाले, "या महिन्याचा पगार मागू नकोस. माणूस नाही तर पगार कसला?"

"बरोबर आहे, शेठ," नवरा म्हणाला.

बरोबर आहे.

टोपली रिकामी झाली. मॅडम म्हणाल्या, "अगं, अजून सात-आठ टाक. गरम गरम."

"भाकऱ्या टाकायला माणूस नाही, मॅडम."

पाहुणे हसले. त्यांना गंमत वाटली. मॅडम हसल्या नाहीत. "काय म्हणालीस?"

"महिनाभर माणूस नव्हता ना? मग मोटर कुणी दुरुस्त करून घेतली? पाहुण्यांना कुणी रांधून घातलं? मी कोण होते?" मनात होतं त्याच्या निम्मंही बोलले नाही. टोपली तेवढी खाली ठेवली.

शेठ नवऱ्याला म्हणाले, "बायकोला समजाव. जोडपी पुष्कळ मिळतात."

मॅडम हळूच म्हणाल्या, "तुझ्या मुलीच्या वेळी मी काय केलं, विसरलीस?"

"नाही विसरले. जन्मभर पाया पडेन. पण उपकार वेगळे, मॅडम, आणि काम वेगळं. माझ्या नावानं पगार द्या, माझ्या हातात. गेल्या महिन्यापासून."

त्या दिवशी पाहुण्यांनी नुसता भात खाल्ला. शेठ म्हणालेत, ठेवायचं की काढायचं ते पुढच्या रविवारी सांगतो. नवरा एवढंच बोलला, "डोकं फिरलंय तुझं. कुठं जायचं आता?" भांडी मी पोत्यात भरून ठेवलीत. लेक तिसरीत आहे. माझी शाळा सुटली तशी तिची सुटू नये, एवढीच भीती आहे.

काल काकीनं कुंपणापलीकडून विचारलं, "काय ठरलं गं?"

"रविवारी सांगतील शेठ."

"शेठचं नाय इचारत. तुजं काय ठरलं?"

माझं ठरलंय. माझा पगार माझ्या हातात आला तर इथली चूल पेटेल. नाही तर दुसरं फाटक. आणि तिथं कोणी म्हणालं, जोडपं पाहिजे, तर आत पाय टाकायच्या आधी मी विचारणार, तुमच्या जोडप्यात माणसं किती?